अंगणाचा ढाळ: फुटाला किती सूत?

(पुण्यातील बंगलामालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, घरापुढच्या बैठ्या अंगणाचं, म्हणजे आपण हल्ली ज्याला पॅटिओ म्हणतो त्याचं काम निघालं की घरातली चर्चा फरशीपासून सुरू होते. कोटा घ्यायचा की तांदूर, मॅट फिनिश हवं की खरबरीत, यासाठी तीन-तीन दुकानं पालथी घातली जातात. ढाळ मात्र गवंड्यावर सोडलेला असतो. तो विचारतो, "पाणी कुठं काढायचं, साहेब?" आपण हात करून म्हणतो, "तिकडं." हे "तिकडं" नेमकं कुठं, ते आधी ठरवायचं. आज मी मुख्यतः तेवढंच सांगणार आहे.

पुण्याचा वर्षाचा पाऊस साधारण सत्तर-पंचाहत्तर सेंटिमीटर, म्हणजे कोकणापुढे काहीच नाही. त्यामुळे आपण गाफील राहतो. पण अंगणाला वर्षाच्या बेरजेशी कर्तव्य नसतं, त्याला एका सरीचा जोर सोसायचा असतो. 25 सप्टेंबर 2019 ची रात्र आठवा, आंबिल ओढ्याला पूर आला ती. तेवढं टोकाचं नको, साधा हिशेब करू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. बारा बाय पंधरा फुटांचं अंगण सुमारे पावणेसतरा चौरस मीटर. वळवाच्या सरीनं तासात 50 मिलिमीटर ओतले, तर आठशेहून जास्त लिटर पाणी झालं. गच्चीची पन्हळ त्याच अंगणात उतरत असेल, तर गच्चीचं पाणीही यातच मिळवा. बहुतेक जण इथंच चुकतात.

आता ढाळ. गवंडी सुताच्या भाषेत बोलतो आणि ती भाषा उत्तम आहे. इंचाला आठ सूत. फुटाला एक सूत म्हणजे जवळजवळ शंभरास एक, गुळगुळीत फरशीला हे कसंबसं पुरतं. फुटाला दोन सूत म्हणजे पन्नासास एक, हाताने घडवलेल्या खडबडीत शहाबादीला किंवा पेव्हर ब्लॉकला एवढं द्यावं. मधल्या कामांना मी दीड सूत सांगतो. इतका उतार पायाला जाणवत नाही. मात्र दोन सुतांच्या ढाळावर तीन फुटी टेबलाच्या दोन टोकांत पाऊण इंचाचा फरक पडतो, तेव्हा टेबलाचे पाय फिरवून उंची जुळवता येणारे घ्या.

पण सूत ठरवण्याआधी उलटीकडून मोजा. पावसाच्या पाण्याचं चेंबर फाटकाशी आहे, त्यात पाइपचा तळ जिथं उघडणार ती आपली शून्य रेषा. अंगणाच्या जाळीपासून तिथवर चाळीस फूट चार इंची पाइप, शंभरास एक ढाळानं: झाले पाच इंच. जाळीखाली पाइपची जाडी आणि वरची माती-काँक्रीट मिळून दहा इंच. जाळीपासून घरापर्यंत पंधरा फूट, दीड सुतानं जवळपास तीन इंच. आणि अंगण जोत्यापासून किमान सहा इंच खाली असायलाच हवं, नाहीतर भिंत पाणी ओढते, आतला रंग पापुद्र्यांनी सुटतो. बेरीज चोवीस इंच. म्हणजे जोत्यापासून चेंबरातल्या पाइपच्या तळापर्यंत दोन फूट हाताशी हवेत. नव्या बंगल्यात ते मिळतात. जुन्या वस्त्यांत रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात, अंगण खाली राहतं आणि हे दोन फूट कुठल्या कुठे जातात. तिथं पाइप घरामागून न्यावा, नाहीतर शोषखड्डा करावा.

शोषखड्ड्याबद्दल एक इशारा. आपल्याकडे थोडं खणलं की काळा पाषाण लागतो. खड्डा खणून आधी पाणी भरून पाहा. दुसऱ्या दिवशीही ते तसंच उभं असेल, तर तिथं मुरणार नाही. आणि तो पायापासून दहा फूट तरी लांब ठेवा. पावसाचं पाणी सांडपाण्याच्या लाइनला जोडू नका. शेजाऱ्याच्या हद्दीत तर नकोच, त्यावरून पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या अबोला असतो.

खाली काळी माती असेल तर ती काढा. ओली झाली की फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तुम्ही मेहनतीनं दिलेला ढाळ दोन-तीन पावसाळ्यांत मोडते. तिच्या जागी मुरूम, सहा-सहा इंचांचे थर, पाणी मारून धुम्मस, म्हणजे ठोकून घट्ट करणं. ढाळ या थरातच यायला हवा. वर फरशीखालचा मसाला कमी-जास्त करून आणलेला ढाळ टिकत नाही.

मोठी, दोन बाय चार फुटी फरशी घेणार असाल, तर मधोमध नहाणी ट्रॅप, म्हणजे न्हाणीघरात असते तशी पाणी जायची जाळी, ठेवू नका. चारही बाजूंनी ढाळ आणायला फरशी तिरपी कापावी लागते. एकच उतार द्या, शेवटी लांब जाळीची नाली. लेव्हल ट्यूबनं, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं, भिंतीवर समपातळीची रेघ मारून घ्या, ट्यूबमध्ये बुडबुडा राहू देऊ नका. सांधे भरण्याआधी बादलीभर पाणी ओता. डबकं दिसलं तर ती फरशी त्याच दिवशी उचलता येते.

दारात गुलमोहर किंवा सोनमोहोर असेल तर पाकळ्या जाळीवर लेप देतात. म्हणून पाइपाआधी गाळ बसायला छोटं चेंबर द्या, हात जाईल एवढं.

मघाशी एका ताईंनी विचारलं, जुनी फरशी न उखडता ढाळ सुधारता येईल का? जोत्याखाली दहा-अकरा इंच मोकळे असतील, तरच वर थर द्या, कारण घराकडची कड चार-पाच इंच चढते. तेवढी जागा नसेल, तर भिंतीलगत चार इंच रुंद पट्टी कापून तिथं नाली करा आणि नालीच्या तळाला फुटाला एक सूत ढाळ द्या. अंगण घराकडे कललेलं राहील, पण पाणी भिंतीशी थांबणार नाही. आणि ताई, खर्चही निम्म्याहून कमी येईल.