सहा रविवार आणि एक मगर

मागे ऐकू येतंय ना? नसेल तर पुढे या, पुढच्या दोन रांगा नेहमीप्रमाणे रिकाम्याच आहेत आणि खिडकीतून ऊन पण इथंच येतंय.

तर पत्रिकेत विषय छापलाय, थंडीत घराजवळ काय काय करता येईल. मी सहा जागा सांगणार आहे. सहाच का, तर बडोद्याला थंडी म्हणावी अशी थंडी जेमतेम सहा रविवार असते, डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत. त्याच्या आधी दुपारी पंखा लागतो आणि नंतर परत लागतो. आणि या सहातले दोन-तीन रविवार आपण काय करतो, तर बॅगा भरतो आणि इथल्यापेक्षा जास्त थंडी आहे अशा ठिकाणी जाऊन पैसे देऊन कुडकुडतो! अहो मे महिन्यात जा की, कोण नको म्हणतंय. पण वर्षाचे साडेदहा महिने ज्या हवेसाठी तळमळायचं ती दाराशी आली की घराला कुलूप लावायचं, हे मला काही पटत नाही. आधी पटायचं. माणशी अठरा हजार गेल्यावर पटेनासं झालं.

ते सांगतेच. दोनच मिनिटं. (हसू नका, मी शाळेत पस्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलंय, मला तास संपलेला कळतो.)

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात पुण्याहून आमचे धाकटे भावजी आणि जाऊबाई आल्या होत्या आणि भावजींना वाघ बघायचा होता. कुठलं जंगल, कुठली टूर कंपनी ते विचारू नका, त्यांचा फोन अजून येतो. तीन दिवसांचं पॅकेज. पहाटे चारला उठायचं, गीझर आहे पण तो चालू करणारा मुलगा सहाला येतो, मग तसंच तोंडावर पाणी मारून उघड्या जीपमध्ये बसायचं. मी ह्यांची माकडटोपी घातली होती, वर शाल, शालीवर हॉटेलची चादर, फोटोत मी कोण आणि सामान कुठलं ते ओळखू येत नाही. गाइड दर वळणावर हात करून सांगणार, 'अभी यहीं था'. पाच फेऱ्यांमध्ये आम्हाला काय दिसलं, तर वाघाच्या पायाचे ठसे, एक रानकोंबडा आणि पुढच्या जीपमधली सुरतेची मंडळी, ती थेपले खात होती आणि आमच्यापेक्षा पुष्कळ सुखी दिसत होती.

परत आलो. स्टेशनवरून रिक्षा केली, अकरा वाजले असतील, विश्वामित्री नदीवरच्या काळ्या घोड्याच्या पुलावर ट्रॅफिक तुंबलेला. बघतो तर दहा-पंधरा माणसं कठड्यावर ओणवी. मला वाटलं कोणी पडलं की काय. रिक्षावाला मागे न वळताच म्हणतो, 'कांई नथी बेन, मगर तडको खाय छे.' म्हणजे काही नाही, मगर ऊन खातेय.

आपल्याला यात नवीन काही नाही, पण भावजी पुण्याचे! ते ताडकन उतरले, खाली बघितलं आणि म्हणाले, वहिनी, तो ओंडका आहे. मी म्हटलं मगर आहे. ते म्हणाले ओंडका. पैज लागली, सेव-उसळीची एक प्लेट. रिक्षावाल्यानं पण रिक्षा कडेला लावली, मीटर चालू ठेवून. खाली चिखलाच्या उतारावर ते जे काही होतं ते आमच्या सोफ्याएवढं लांब, वाळलेल्या चिखलाच्याच रंगाचं, आणि त्याच्यापासून दोन हातांवर एक टिटवी इकडून तिकडे फेऱ्या मारतेय. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. भावजींचा चेहरा खुलत चालला. आणि एकदम त्या ओंडक्यानं जबडा उघडला, आतून फिकट पिवळा, आणि तो तसाच उघडा ठेवला. मिटेचना! जाऊबाईंनी माझा दंड असा धरला की संध्याकाळपर्यंत वळ होता. भावजींनी त्या दिवशी तीन प्लेटी खाल्ल्या, पैसे त्यांनीच दिले, आणि घरच्या ग्रुपवर फोटो टाकला, खाली लिहिलं 'सफारी सफल'. जंगल कुठलं ते नाही लिहिलं.

तर हा पूल म्हणजे आपला पहिला रविवार. आता यातलं थोडं शास्त्र. मगरीच्या अंगात स्वतःची शेगडी नसते, ऊन मिळालं तर अंग तापणार आणि अंग तापलं तर खाल्लेलं पचणार. उन्हाळ्या-पावसाळ्यात तिला पाण्याबाहेर पडायची एवढी गरज नसते, नाकपुड्या आणि डोळे तेवढे वर. थंडीत पाणी गार आणि काठ ऊबदार, म्हणून दुपारी ती बाहेर येऊन पडते. जबडा उघडते ते रागानं नाही, डोकं फार तापू नये म्हणून. विश्वामित्रीत अशा मगरी शेकड्यांनी आहेत, भर शहरात, जगात असं किती गावांना मिळतं? नदीला वास येतो, खोटं कशाला बोलू, रुमाल न्या. आणि पुलावरूनच बघायचं हं, काठावर उतरायचं नाही. ऑगस्ट २०२४च्या पुरात त्या आपल्या सोसायट्यांमध्ये येऊन गेल्या, आता परतभेट द्यायची तर ती लांबूनच द्यावी.

अगं बाई, भजनाच्या बायका दारात पेटी घेऊन उभ्या आहेत. किती, सात मिनिटं? सात मिनिटांत पाच जागा, लिहून घ्या.

दुसरा रविवार कमाटीबाग, म्हणजे बागेतलं म्युझियम. इमारत १८९४ची, आत निळ्या देवमाशाचा आख्खा सांगाडा आहे, मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला, आणि इजिप्तची ममी. तुम्ही चौथीत सहलीला बघितलंत, मग मुलांना दाखवलंत, आता एकदा स्वतःसाठी जा, देवमाशाखाली नुसतं उभं राहा.

तिसरा तांबेकर वाडा. इथून चालत जाता येईल आणि या खोलीतल्या निम्म्या लोकांनी तो आतून बघितलेला नाही, हात वर करा बरं... बघा! दिवाण भाऊ तांबेकरांचा वाडा, वर गेलात की भिंती चित्रांनी भरलेल्या, महाभारत, कृष्णलीला आणि त्यातच गोऱ्या मडमा पण.

चौथा कीर्तिमंदिर, गायकवाड राजघराण्याचं स्मारक. चित्रकार नंदलाल बोस शांतिनिकेतनाहून येऊन भिंती रंगवून गेले, त्यातलं गंगावतरण बघाच. कळसावर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी आहे, तिच्यावर अखंड भारताचा नकाशा, मान मोडेपर्यंत बघा.

पाचवा चांपानेर, पन्नास किलोमीटर, २००४पासून जागतिक वारसा. गर्दी सगळी वर पावागडाला जाते, तुम्ही खालीच थांबा, जामी मशिदीच्या दगडी जाळ्यांतून सकाळचं ऊन आत येतं तेव्हा. येताना पोंक, म्हणजे आपला हुरडा, आणि लीलवाची, म्हणजे ओल्या तुरीच्या दाण्यांची, कचोरी कुठं चांगली मिळते ते मला फोन करून विचारा, इथं सांगितलं तर भांडणं होतील.

उत्तरायण, म्हणजे पतंगांचा सण, मी धरतच नाही, १४ आणि १५ जानेवारीला गच्चीवरून तुम्हाला उतरवायची कोणाची छाती आहे.

आणि सहावा वढवाणा. डभोईच्या पुढे, सयाजीरावांनी शेतीसाठी बांधलेला तलाव, २०२१मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत, गेला. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस तिथं येतात, हिमालय ओलांडून येतात हो, आणि आपण त्यांच्या उलट्या दिशेनं मनालीला निघालेलो! सकाळी सातच्या आत पोचलात तर... हो हो, झालंच. या रविवारी मी जातेय, दोन गाड्या ठरल्यात, तिसरी भरली तर सांगा. पहाटे साडेपाचला न्यायमंदिरापाशी. दुर्बीण माझ्याकडे एकच आहे, ती फिरवू. चहाचा थर्मास मात्र ज्याचा त्यानं आणायचा, मागच्या वेळी माझा काठावर पोचायच्या आधीच संपला होता.