‘कां’वरचं टिंब

(दांडिया बाजार, सकाळ. पाटावर अक्षता, शेजारी लग्नपत्रिका.)

लग्नसराई जवळ आली की बडोद्याच्या मराठी घरांतून पत्रिकेची बोलणी सुरू होतात. कागद ठरतो, गणपती ठरतो आणि मग हमखास कुणीतरी म्हणतं, “अक्षर हातानं लिहिल्यासारखं हवं हं. नाजूक.”

मी पत्रिका करते. ही मागणी मला मनापासून आवडते, पण तिनंच मला एकदा अद्दल घडवली. वधूच्या नावाआधीचं ‘चि. सौ. कां.’ मी केसासारख्या बारीक फॉन्टमध्ये लावलं. संगणकावर मोठं करून पाहिलं, सुरेख दिसलं. मरून कागदावर सोनेरी शाईत छापून आलं, तेव्हा ‘कां’वरचं टिंबच नव्हतं. वधूच्या आजी चष्मा वर करून ते ‘का.’ पाहत राहिल्या. बोलल्या काहीच नाहीत. ते मला अजून टोचतं.

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये शाई जाळीच्या छिद्रांतून उतरते. टिंब फार बारीक असेल तर ते धाग्याआड जातं, कागदापर्यंत पोचतच नाही. ऑफसेटला गर्द रंगात पांढरं अक्षर सोडलं तर उलटं होतं : चारी बाजूंनी शाई आत सरकते आणि रेघ बुजते.

(बोरूचं टोक, अगदी जवळून.)

हा बोरू. टोक तिरकं छाटलेलं. कितीही दाबा, रेघ जाड होत नाही. जाड-बारीक ठरतं ते हात कुठल्या दिशेनं वळतो त्यावर. इंग्रजीतलं ते लपेटेदार नाजूक अक्षर मात्र टोकदार निबेतून आलंय. दाबली की निब फाकते : खाली येणारी रेघ भरते, वर जाणारी केसासारखी राहते. शिवाय देवनागरीचा बोरू रोमनच्या उलट्या बाजूनं छाटतात. म्हणून तिकडची जाडबारीक जशीच्या तशी आपल्या ‘क’वर चढवली की तो परका दिसतो. असे फॉन्ट मी वापरत नाही. ‘कलम’ मला जवळचा वाटतो. लिपी रावल आणि जॉनी पिनहॉर्न यांनी केलेला, मोफत मिळणारा फॉन्ट. त्याच्या तीन जाड्या आहेत आणि लहान आकारातही तो वाचता येतो.

इथल्या पत्रिकेत पुष्कळदा एका बाजूला मराठी असतं, दुसऱ्या बाजूला गुजराती. गुजरातीला शिरोरेषा नाही, तिथं अक्षरांमधलं अंतर थोडं वाढवलं तरी चालतं. तेच मराठीत केलं की शिरोरेषा तुटते आणि नावाचे तुकडे पडतात. गायकवाडी काळातले मोडी कागद पाहावेत. मोडी लिहिणारा आधी कागदभर रेघ ओढून घ्यायचा, मग बोरू होईल तितका कमी उचलत अक्षरं तिला लटकवत जायचा. त्या लपेटीत वेग आहे, आणि वेगामुळेच डौल.

आता नाजूक अक्षर मी फक्त वधूवरांच्या नावांना देते. मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता, निमंत्रकांची नावं साध्या उभ्या अक्षरात.

(रात्र. टेबलावरचा दिवा.)

प्रेसला फाइल जाण्याआधी मी नावं कर्व्ह करते, म्हणजे फॉन्टमधल्या अक्षरांच्या आकृत्या करून घेते, आणि ‘कां’वरचं टिंब थोडं मोठं करते. मग त्याच कागदावर, त्याच शाईत एक प्रत काढून घेते आणि हात लांब करून वाचते, आजी वाचतील तशी.