मूठभर वाफसा

(मध्यरात्र. उसाच्या फडात बॅटरीचा उजेड हलतो आहे.)

या आठवड्यात लाईट रात्रीची आहे. ती आली आणि ऑटोवर ठेवलेली मोटर आपोआप सुरू झाली. वाळवा तालुक्यातल्या या मळ्यात कृष्णेचं पाणी पाटाने येतंय आणि एक माणूस चिखलात उभा राहून दारं धरतोय. सरी भरली की फावड्याने माती ओढून तिचं तोंड बुजवायचं, पुढची सरी फोडायची. पायाखाली काही वळवळेल ही धास्ती, शेजारच्या उसात बिबट्या असेल ही आणखी एक. दिवसभर राबलेला हा माणूस घटकाभर बांधावर टेकतो, आणि सरी तुडुंब होऊन वाहत राहते. त्याला नावं ठेवण्याआधी एक रात्र त्याच्या जागी उभं राहावं.

एकरभर रानात इंचभर पाणी उभं केलं, तर ते लाखभर लिटर होतं. पाटाने भिजवायच्या ‘सुरू’ (हिवाळ्यात लावलेल्या) उसाला वर्षाकाठी अडीच मीटर पाणी धरतात. म्हणजे एकरी सुमारे १ कोटी लिटर. हे झालं हिशेबाचं. त्याच्या वरचं पाणी ऊस पीत नाही. ते मातीतली हवा बाहेर ढकलतं आणि मुळं गुदमरतात.

(उपटलेल्या उसाची मुळं, जवळून.)

ही बघा. पांढरी मुळी जिवंत असते, तीच पाणी आणि खत ओढते. इथं ती काळी पडली आहे. वर पानं पिवळी दिसतात. मग वाटतं, खत कमी पडलं. युरियाचं पोतं फुटतं, वर पुन्हा पाणी. तो युरिया पाण्याबरोबर मुळांच्या खाली निघून जातो आणि ऊस पिवळाच राहतो.

आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे: वाफसा. मातीच्या पोकळ्यांत पाणीही आहे आणि हवाही आहे, अशी अवस्था. पाऊस उघडला की वाफसा यायची वाट बघितल्याशिवाय कोणी पेरणीची पाभर धरत नाही. पीक उभं राहिलं की मात्र तोच शब्द आपण विसरतो. मला हे फार लागतं.

(शिरोळ तालुका. उन्हाळ्यातलं पांढरं रान.)

विसरण्याची किंमत इथं दिसते. काळीभोर, नदीकाठची जमीन. उपसा योजनांचं पाणी आलं, ऊसामागून ऊस झाला, निचऱ्याचा विचार राहून गेला. जमिनीखालचं पाणी वर चढलं, येताना क्षार घेऊन आलं. पाणी उन्हाने उडालं, क्षार वर राहिले. सांगली-कोल्हापुरात अशी हजारो हेक्टर जमीन क्षारपड झाली.

तिच्यावर उपाय आहे, पण एकट्याचा नाही. तीन-चार फूट खोल चर काढून त्यात सच्छिद्र पाईप गाडतात. पाण्याबरोबर क्षार त्यात झिरपतात आणि ओढ्यात जातात. तो ओढा कुणाच्या तरी रानापलीकडे असतो. शेजाऱ्याने वाट दिली नाही, तर पाईप नुसताच गाडलेला राहतो. म्हणून गावंच्या गावं एकत्र यावी लागतात. या पाईपाच्या तोंडाशी पडणारं पाणी नितळ दिसतं. जिभेवर ठेवलं की खारट लागतं.

पाणी कमी लागावं यासाठी करण्यासारखं बरंच आहे. पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, न जाळता सरीत दाबलं की ओल टिकते. एक आड एक सरी भिजवता येते. ठिबकवर पाणी निम्म्याच्या आसपास येतं. पण ठिबकचा कॉकही रात्रभर उघडा राहू शकतो, आणि मग तिथंही चिखलच.

(सकाळ. तोच मळा.)

म्हणून हे बघा. खुरप्याने वीतभर खोल माती काढली, मुठीत दाबली. तळहात ओला झाला, तर पाणी जास्त आहे. गोळा झालाच नाही, तर पाण्याची पाळी द्यायची वेळ झाली. आज गोळा झाला आहे, हात कोरडा आहे. कमरेएवढ्या उंचीवरून सोडला.

फुटला. वाफसा आहे.

पाळी अजून चार दिवसांनी. रात्रीचा तो माणूस मोटरीच्या पेटीकडे जातो, ऑटोचा खटका खाली ओढतो आणि फावडं खांद्यावर टाकून घराकडे निघतो.