पोच घेतली का?

[दृश्य: शनिवारची दुपार. जिल्ह्याच्या गावातलं शिक्षक संघटनेचं कार्यालय. लोखंडी कपाट, शासन निर्णयांच्या फुगलेल्या फायली.]

शनिवारी सकाळची शाळा सुटली की इथं वर्दळ सुरू होते. येणारा शिक्षक आधी पाणी मागतो. मग पाऊस, परीक्षा, निवडणुकीची ड्युटी, सगळं बोलून होतं. आणि मग पिशवीतून चार घड्या घातलेला एक कागद बाहेर येतो.

"सर, मेमो दिलाय."

समोरचे सर स्वतः निवृत्त शिक्षक. ते आधी तारीख बघतात, मजकूर नंतर. आणि पहिला प्रश्न ठरलेला: "तुम्ही आजवर जे अर्ज दिलेत, त्यांची पोच घेतली का?"

बहुतेकांनी घेतलेली नसते. रोज ज्यांच्यासोबत डबा खातो त्या मुख्याध्यापकांकडे पोच कशी मागायची, असं वाटतं.

शिक्षक संघटना म्हटलं की आपल्याला आझाद मैदान आठवतं. मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यातले कर्मचारी सात दिवस संपावर होते, त्यात शिक्षकही होते. तिथं कॅमेरे पोचले. या खोलीत सहसा कुणी येत नाही. पण एकेका शिक्षकाची नोकरी वाचते ती बऱ्याचदा इथं, आणि घोषणा देऊन नव्हे, मुदतीत दिलेल्या कागदानं.

खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींसाठी महाराष्ट्रात 1977 चा कायदा आहे आणि त्याखालची 1981 ची नियमावली. कायदा अनुदानित शाळांना लागू आहे, तसाच विनाअनुदानितलाही. हे कित्येक शिक्षकांना माहीत नसतं. संस्थाचालकांना माहीत असतं.

त्यातलं कलम 7 बघा. राजीनामा द्यायचा तर दोन प्रती, दोन्हींवर सही आणि तारीख. एक रजिस्टर पोस्टानं संस्थेला, दुसरी स्वतःजवळ. एवढा खटाटोप कशासाठी? नोकरीला लावतानाच कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवायची आणि नको झाला की तोच कागद राजीनामा म्हणून काढायचा, ही भीती शिक्षकाच्या पोटात कायम असते. कायद्यानं राजीनामा पोस्टातून जायला लावला, म्हणजे निदान पोस्टाचा शिक्का तरी साक्षीला राहतो.

[दृश्य: सर खुलाशाचा मसुदा वाचतात, लाल पेनानं अर्धं पान खोडतात.]

आरोपांचं विवरण आलं की सात दिवसांत लेखी खुलासा द्यावा लागतो. शिक्षक रात्र जागून सहा पानं लिहून आणतो. त्यात वीस वर्षांची सेवा असते, दहावीचा निकाल असतो, संस्थेतलं राजकारण असतं. नसतं ते फक्त आरोपाचं उत्तर. सर निबंध तपासावा तसे खोडत जातात. उरतं एक पान. त्याला मुद्द्यांचे आकडे, खाली सही, तारीख.

खुलासा पटला नाही तर चौकशी समिती बसते. नियम 36 प्रमाणे तिच्यात तिघं: एक संस्थेचा, एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतून निवडलेला, आणि एक खुद्द त्या शिक्षकानं नेमलेला, कुठल्याही खाजगी शाळेतला कर्मचारी. तिसरा माणूस कुठून आणायचा? स्वतःच्या शाळेतला सहकारी गप्प बसतो, त्यालाही तिथंच नोकरी करायची असते. मग संघटना दुसऱ्या तालुक्यातला, नियम पाठ असलेला माणूस देते. तो काही जादू करत नाही. साक्षीदाराची उलटतपासणी होऊ देतो, इतिवृत्तात जे बोललं गेलं तेच लिहिलं जातंय का ते बघतो. पुढं निवाडा होतो तेव्हा चौकशी नीट झाली होती का, हे त्या इतिवृत्तावरूनच ठरतं.

निलंबनालाही अट आहे. आधी शिक्षण खात्याची मान्यता हवी. नसेल तर निलंबनाच्या काळातला निर्वाह भत्ता संस्थेच्या खिशातून. हे वाक्य संघटनेच्या पत्रात आलं की काही निलंबनं आपोआप मागं घेतली जातात, असं जुने पदाधिकारी हसत सांगतात.

आणि बडतर्फीच झाली तर? कामगार न्यायालयाचा रस्ता बंद. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 1988 मध्ये सांगितलं, तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येत शिक्षक 'कामगार' बसत नाही. महाराष्ट्रात 1977 च्या कायद्यानं शाळा न्यायाधिकरण दिलं आहे; पण तिथं अपील करायला आदेश मिळाल्यापासून 30 दिवस. उशीर माफ होऊ शकतो, कारण पटवावं लागतं. "अध्यक्ष ओळखीचे आहेत, बोलून बघतो" यात ते 30 दिवस जातात. म्हणून इथं आल्या आल्या तारीख बघतात.

बाकी रोजची कामं: वेतन पथकात, म्हणजे पगार बिलं काढणाऱ्या कार्यालयात, अडकलेलं फरकाचं बिल, शालार्थ या ऑनलाइन पगार प्रणालीतली नावाची चूक, बारा वर्षं होऊनही न लागलेली वरिष्ठ वेतनश्रेणी, वैद्यकीय बिल. याला हेलपाटेच लागतात.

संघटनाही काही धुतल्या तांदळाच्या नाहीत. एका जिल्ह्यात चार-चार संघटना. शिक्षक मतदारसंघाची निवडणूक आली की अचानक सगळ्यांनाच तुमची सेवापुस्तिका आठवते. तक्रार करणारी शिक्षिका सभासद आणि जिच्याविरुद्ध तक्रार ती पर्यवेक्षिकाही सभासद, मग पदाधिकारी "आपसांत मिटवा" म्हणतात. हा सल्ला दुबळ्या बाजूलाच महागात पडतो. आणि मारहाणीचा किंवा त्याहून वाईट आरोप मुलानं केला असेल, तर संघटनेनं नियम पाळून चौकशी मागावी, एवढंच. त्यापलीकडे जाऊन शिक्षकाची तळी उचलणं मला पटत नाही.

[दृश्य: संध्याकाळ. बाकावर एकच शिक्षक उरलेला.]

सगळ्यात शेवटी आत येतो तो विनाअनुदानित शाळेतला. अनुदानाचा टप्पा येईल या आशेवर वर्षं काढलेली, पगार नावापुरता. त्याच्याकडे नेमणुकीचं पत्रही नाही, झेरॉक्स आहे. मूळ प्रत संस्थेकडं.

"सर, माझं नाव कुठं येऊ देऊ नका."

सर मान हलवतात. कपाटातून संघटनेचं लेटरहेड काढतात, शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे पत्र लिहायला घेतात. शाळेचं नाव येतं, मागणी येते, शिक्षकाचं नाव येत नाही. वर जावक क्रमांक पडतो. सोमवारी हे पत्र घेऊन सर स्वतः जाणार आहेत. पत्राखाली त्यांनी दुसरी प्रत ठेवली आहे, शिक्का मारून आणायला.