दात हातात आला की आधी बूड बघा

माझ्या हातात आहे तसा समुद्री प्राण्याचा जीवाश्म दात नाशकात खणून सापडणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आपल्या पायाखाली बेसाल्ट आहे, लाव्हा थिजून झालेला काळा पाषाण. पांडवलेणी त्यातच कोरलेली आहेत. त्याच्या पोकळ्यांत झिओलाईट या खनिजाचे स्फटिक मिळतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात तुम्ही ते पाहिलेही असतील. माझ्या हातातला हा दात मात्र मोरोक्कोचा, खुरिबगाच्या फॉस्फेट खाणींच्या भागातला. तरी त्याचं आपल्याशी नातं आहे. इथे लाव्हाचे थरावर थर चढत होते त्या सुमारास, म्हणजे अंदाजे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, या दाताचा मालक मोसासॉर, म्हणजे समुद्रात राहणारा एक मोठा सरपटणारा प्राणी, पृथ्वीवरून कायमचा गेला.

कुणी जीवाश्म दात दाखवला की आपण टोकाकडे बघतो. टोकदार, वाकडा, म्हणजे डायनासॉरचा, असं बोलून मोकळे होतो. पण मासे पकडून खाणाऱ्या किती तरी प्राण्यांचे दात टोकाला सारखेच दिसतात. काम एकच, म्हणून आकारही एक. तो दात जबड्यात कसा बसला होता, हे मात्र ज्याच्या त्याच्या कुळावर ठरतं. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, दात उलटा धरा.

मोसासॉर हा घोरपडीच्या आणि सापांच्या गोतावळ्यातला. त्याच्या दाताखाली हाडासारखा सच्छिद्र, फुगीर बुंधा असतो, पुष्कळदा वरच्या भागापेक्षाही जाड. वरच्या भागाला बहुधा पुढे एक आणि मागे एक अशा दोन धारा असतात. बाहेरची बाजू चपटी, आतली फुगीर. याच घराण्यातल्या ग्लोबिडेन्सचे दात मात्र अळंबीसारखे गोल, शिंपले फोडायला.

प्लेसिओसॉर हाही समुद्री सरपटणारा प्राणी. त्याचा दात सडपातळ, आडवा छेद जवळजवळ गोल, अंगावर बारीक उभ्या रेघा. मूळ लांब आणि ते स्वतंत्र खोबणीत बसलेलं. तो मगरीच्या दाताशी हमखास गल्लत करवतो. तेव्हा धार शोधा. मगरीच्या दाताला सहसा दोन धारा असतात, प्लेसिओसॉरच्या दाताला बहुधा नसतात. ‘बहुधा’ हा शब्द मी जपून वापरतोय. एका खुणेवर नाव ठोकू नये.

इक्थिओसॉर, म्हणजे माशासारख्या अंगाचा समुद्री सरपटणारा प्राणी, ओळखायला मला सगळ्यांत आवडतो. त्याच्या मुळावर खोल उभे पन्हाळ असतात, कारण आतलं दंतद्रव्य घड्या घातल्यासारखं दुमडलेलं असतं. बऱ्याच जातींत हे दात वेगवेगळ्या खोबणींत नसून एकाच लांब चरात ओळीनं बसलेले असत. कच्छमध्ये लोडाईजवळ मिळालेला जुरासिक काळातला इक्थिओसॉर २०१७ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सुमारे साडेपाच मीटर लांब! नाशिकहून एका रात्रीच्या प्रवासाच्या अंतरावर कधीकाळी समुद्र होता, या विचारानं मला आजही भरून येतं.

आता बाजाराचं बोलू, कारण प्रदर्शनांत असे दात विकायला येतात. या प्राण्यांचे दात आयुष्यभर बदलत. नवा दात जुन्याच्या मुळाशी उगवायचा, मूळ विरघळत जायचं आणि वरचा भाग गळून पडायचा. म्हणून बूड पोकळ, मूळ नाही, असे सुटे दात भरपूर मिळतात. मुळासकट दाताला किंमत जास्त, त्यामुळे एकाचा वरचा भाग दुसऱ्याच्या मुळाला चिकटवतात, किंवा वाळू आणि गोंदाच्या लगद्यात रोवून तो ‘खडकातला दात’ म्हणून देतात. भिंगातून सांधा बघा. रंग एकदम बदलतो का? रेघा सांध्यापाशी तुटतात का? लगद्यात हवेचे बुडबुडे दिसतात का? नोटा तपासायचा अतिनील दिवा जवळ असेल तर तोही वापरा, बरेच गोंद त्यात चमकतात.

समोरच्या टेबलावर पाच दात आणि तीन भिंगं ठेवली आहेत. त्यांतला एक जोडलेला आहे. कोणता ते सांगत नाही. पुढच्या रांगेपासून या, आणि लहान मुलांना आधी बघू द्या.