कुंडीतली माती आणि पोतंभर पाचोळा

मंडळी, बोलण्याआधी एक गोष्ट दाखवते. टेबलावर दोन कुंड्या आहेत. दोन्हींत एकाच नर्सरीतली लाल माती, दोन्हींत मिरचीचं रोप. या पहिल्या कुंडीत तांब्याभर पाणी ओतते. बघा, पाणी वर तुंबलं, मग कडेकडेनं उतरून थेट खालच्या ताटलीत आलं. मधला गोळा कोरडाच राहिला. उन्हाळ्यात तुम्ही रोज पाणी घालता आणि तरी दुपारी रोप मान टाकतं, त्याचं कारण बरेचदा हेच असतं. आता दुसरी कुंडी. तेवढंच पाणी, पण ते मुरलं. ताटलीत जेमतेम चार थेंब. हिच्यात तिसरा हिस्सा घरी केलेलं कंपोस्ट आहे, बाकी फरक काही नाही.

कंपोस्ट म्हणजे झाडाचं टॉनिक, असं आपण समजतो. पण नुसत्या नत्राचा हिशेब केला तर घरच्या खतात ते साधारण एक-दोन टक्के असतं आणि युरियात ४६ टक्के. त्या हिशेबात युरियाच जिंकेल. युरिया माती घडवत नाही, मुद्दा तिथे आहे. कुजलेल्या पदार्थामुळे मातीचे बारीक कण एकमेकांना धरून रवाळ होतात, मधल्या पोकळीत हवा आणि पाणी दोन्ही राहतं. शिवाय पोटॅश, कॅल्शियम ही द्रव्यं ह्यूमस, म्हणजे पूर्ण कुजलेला काळसर भाग, धरून ठेवतो. नाहीतर कुंडीत प्रत्येक पाण्याबरोबर ती धुऊन जातात आणि मुळांना दुसरीकडे शोधायला जागा नसते. म्हणून शेतापेक्षाही कुंडीला कंपोस्टची गरज जास्त, असं माझं ठाम मत आहे.

आता पाचोळ्याकडे येते, कारण खरं काम तिथेच अडतं. पहिल्या वर्षी मी बाल्कनीतल्या ड्रममध्ये रोजची भाजीची देठं, फळांची सालं, चहाचा चोथा टाकत गेले. पंधरा दिवसांत असा कुबट वास सुटला की शेजारच्यांनी दार वाजवलं. त्यांचं चुकलं नव्हतं. ओल्या कचऱ्यात बहुतेक पाणीच असतं. तो खाली बसतो, हवा कोंडते आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात. जिवाणूंना नत्राच्या एका भागामागे कार्बनचे पंचवीस-तीस भाग लागतात आणि तो कार्बन असतो वाळक्या पानांत. तेव्हापासून एक वाटी ओलं टाकलं की वर दोन वाट्या चुरलेला पाचोळा घालते. मूठ दाबली की हात ओलसर व्हावा, पाणी गळू नये. वास परत आला नाही. मधूनच पांढरट अळ्या दिसतात. त्यांना घाबरू नका, त्या कचराच खातात.

हे ज्ञान आपल्या मातीतलं आहे. १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड या शेतीशास्त्रज्ञांनी कंपोस्टची पद्धत बसवली. त्यांच्यापुढे प्रश्न होता कापसाच्या पराट्यांचा, म्हणजे वेचणीनंतर उरणाऱ्या वाळक्या काड्यांचा. पराट्या लाकडासारख्या टणक, लवकर कुजत नाहीत. मग त्या शेतावरच्या रस्त्यांवर पसरायच्या, ये-जा करणाऱ्या गाड्यांखाली भरडल्या की ढिगात घालायच्या. वर शेण, गोमूत्रात भिजलेली माती, राख, आणि मधून मधून ढीग उलटायचा. तीनेक महिन्यांत खत तयार. आपल्याला भरडायलाही काही नाही, आणि तरी फेब्रुवारी-मार्चमध्ये सोसायटीच्या कोपऱ्यात पिंपळाची, बदामाची पानं झाडून पेटवतात. ते पाहून मला फार वाईट वाटतं. ती पोत्यात भरून कोरड्या जागी ठेवा, पावसाळाभर पुरतात.

घाई मात्र करू नका. अर्धकच्चं खत कुंडीत गेलं तर कुजण्यासाठी ते मातीतलंच नत्र ओढतं आणि पानं पिवळी पडतात. साल-देठ ओळखू येईनासं झालं, वास ओल्या मातीसारखा आला, की चाळून घ्या. चाळणीवर राहिलेलं नव्या ड्रममध्ये तळाला घाला, विरजणाचं काम करतं.

आणखी एक. घरचा ड्रम लहान, तो मोठ्या ढिगासारखा तापत नाही, त्यामुळे बिया मरत नाहीत. कंपोस्ट घातलेल्या कुंडीत टोमॅटो, पपई, भोपळा आपोआप उगवतो. रोपं मोठी होण्याआधी उपटून दुसरीकडे लावा. माझ्या गच्चीवरचा भोपळ्याचा वेल असाच आला आहे.