टॅन 'हेल्दी' कधीपासून झाला?

हाय मंडळी! सुट्टीवरून आलेल्याला आपण म्हणतो ना, वा, काय टॅन झालायस, हेच दोनशे वर्षांपूर्वी युरोपात एखाद्या श्रीमंत बाईला म्हटलं असतं तर तिने पुन्हा तोंड बघितलं नसतं. रापलेली कातडी म्हणजे शेतात राबणारे, सोपा हिशोब. 16व्या शतकातल्या इंग्लंडमध्ये तर गोरं दिसायला चेहऱ्यावर शिशाचा पांढरा लेप थापायचे. शिसं! म्हणजे विषच की हो.

मग कारखाने आले, मजूर उन्हातून छपराखाली गेला, शहरात एवढा धूर की ऊनच पोचेना आणि पोरांना मुडदूस (हाडं मऊ पडून वाकतात तो आजार) व्हायला लागला, म्हणजे आता फिकट कोण तर गरीब. त्यात 1903 मध्ये नील्स फिन्सेन या डॉक्टरला नोबेल मिळालं, त्वचेच्या टीबीवर प्रकाशाने उपचार केले म्हणून, आणि ऊन एकदम औषध झालं. 1920च्या दशकात फॅशन डिझायनर कोको शनेल फ्रेंच रिव्हिएरावरून (फ्रान्सचा दक्षिण किनारा) रापून परतली आणि फॅशन सुरू झाली असं सगळीकडे सांगतात. मला विचाराल तर तिला जरा जास्तच क्रेडिट मिळतं, हवा आधीच फिरली होती. समुद्रावर लोळायला वेळ आणि पैसा दोन्ही आहे, हे आता कातडीवरच दिसायला लागलं, बस.

आता आत काय होतं ते बघा. उन्हातले यूव्ही (अतिनील) किरण त्वचेच्या पेशींच्या डीएनएला इजा करतात, त्यावर शरीर मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, वाढवतं आणि ते पेशीच्या केंद्रकावर छत्रीसारखं जमा होतं. म्हणजे टॅन दिसेपर्यंत मार बसून झालेला असतो! आणि ते 'आधी थोडं रापून घे, मग भाजत नाही' वालं लॉजिक? त्या टॅनचं संरक्षण जेमतेम एसपीएफ (सनस्क्रीनवर असतो तो संरक्षणाचा आकडा) 3-4 एवढं.

टॅनिंग बेडवाले (यूव्ही दिव्यांखाली झोपवून रापवणारे) म्हणतात आमच्यात यूव्हीए, म्हणजे यूव्हीचाच एक प्रकार, जास्त, त्याने भाजत नाही. हो, पण यूव्हीए खोल जातं, त्वचा घट्ट ठेवणारं कोलॅजन मोडतं, सुरकुत्या त्याच्याच. 2009 मध्ये डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने हे बेड तंबाखूच्याच गटात टाकले, म्हणजे कॅन्सर होतो हे पक्कं असलेल्या गोष्टींचा गट (धोका तेवढाच असा अर्थ नाही हं, पुरावा तेवढा पक्का). ब्राझीलने त्याच वर्षी बंदी घातली.

तरी रंग हवाच असेल तर बाटलीतला, म्हणजे लावायचा टॅन घ्या, त्यातलं डीएचए नावाचं रसायन वरच्या मेलेल्या पेशींना रंगवतं, आठवड्याभरात उतरतं. फक्त त्याने ऊन अडत नाही हां, सनस्क्रीन वरून लावायचंच.